एमजीबीचा गिअरबॉक्स: उघडायचा, बदलायचा की पाच गिअरचा बसवायचा?

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा गिअरबॉक्स गाडीखाली झोपून काढता येत नाही. आधी इंजिन काढावं लागतं, नाहीतर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेलेच तिरपे करून वर उचलावे लागतात. म्हणजे बोनेट, रेडिएटर, प्रॉपेलर शाफ्ट, गिअर लिव्हर, मागचा क्रॉसमेंबर, सगळं सोडवणं आलं. एवढा खटाटोप दोनदा कोणालाच परवडत नाही. म्हणून दुरुस्ती, बदली की पाच गिअर हा प्रश्न बॉक्स बाहेर काढण्याआधी सुटलेला असावा, आणि तो सोडवायचा तर आधी आजार नक्की ठाऊक हवा.

आपल्या गाडीत कोणता बॉक्स आहे

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत तीन सिंक्रोचा (सिंक्रो म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणारी यंत्रणा) बॉक्स आहे, म्हणजे पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. १९६८ च्या मॉडेलपासून चारही गिअरना सिंक्रो आला. पण साठ वर्षांत बॉक्स इकडचे तिकडे झालेले असतात, त्यामुळे निव्वळ गाडीच्या सालावर विसंबू नका. माणूस चालेल इतक्या वेगात गाडी असताना दुसऱ्यातून पहिला टाकून बघा. चार सिंक्रोचा सुदृढ बॉक्स निमूट घेतो, तीन सिंक्रोचा करकरतो. तीनवाल्याचं ते करकरणं बिघाड नाही, ती त्याची रचनाच आहे. पहिल्या गिअरमधली सरळ दात्यांची घूं-घूंही तशीच नैसर्गिक.

हे दोन बॉक्स परस्परांच्या जागी सहज बसत नाहीत. चार सिंक्रोचा बॉक्स अंगाने मोठा, त्यासाठी कंपनीने गाडीच्या तळातला गिअरबॉक्सचा बोगदाच रुंद केला. शिवाय इंजिनाची मागची प्लेट, फ्लायव्हील आणि स्टार्टरही बदलले. जुन्या गाडीत नवा बॉक्स घालायचा तर पत्रा कापावा लागतो.

बॉक्सवर आळ घेण्याआधी

गिअर पडत नाही म्हणून काढलेल्या कितीतरी बॉक्सना काहीच झालेलं नसतं. दोष क्लच पूर्ण न सुटण्यात असतो. तपासणी सोपी आहे. इंजिन गरम, आयडलवर. क्लच पूर्ण दाबा, पाच-सहा सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो नाही, त्यामुळे आतला शाफ्ट अजून फिरत असेल तर तो लगेच ओरडून सांगतो.

करकरला, तर गाडीखाली जाऊन स्लेव्ह सिलिंडरची (क्लच ढकलणारा छोटा हायड्रॉलिक सिलिंडर) पुशरॉड बघा. जोडीदाराने पेडल दाबल्यावर ती साधारण १२-१३ मिलिमीटर सरकायला हवी. कमी सरकत असेल तर हायड्रॉलिकमध्ये हवा आहे, मास्टर सिलिंडरचं रबर आतून गळतंय, किंवा पेडलची क्लेव्हिस पिन आणि तिचं भोक झिजून लांबट झालंय. ही पिन काढून हातात घ्या. मधोमध बोटाला खाच लागली तर तेवढ्यातच पेडलची बरीच चाल वाया जाते. पिन अगदी क्षुल्लक किमतीची असते. भोकच लांबट झालं असेल तर ते भरून पुन्हा पाडावं लागतं. फ्लुइड डॉट ४ घाला. खनिज तेलाचा थेंबही सिस्टिममध्ये गेला तर रबरं फुगतात.

पुशरॉड पूर्ण सरकते आणि तरी करकरतं, तर संशय आतल्या वस्तूंवर: वाकलेली क्लच प्लेट, झिजलेला फोर्क, किंवा क्रँकशाफ्टच्या टोकातला कांस्याचा स्पिगॉट बुश. तो बुश शाफ्टला घट्ट धरू लागला की क्लच सुटूनही शाफ्ट फिरत राहतो.

यानंतर आवाज. इथे घाई न करता कान द्यायला हवा, कारण याच्यावरच पुढचा खर्च ठरतो.

न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर, क्लच दाबला की शांत: पुढच्या शाफ्टचं मोठं बेअरिंग किंवा लेशाफ्ट, म्हणजे खालचा दांडा, ज्याच्यावर लेगिअर हा गिअरांचा संच फिरतो. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की आवाज आणि चौथ्यात जवळजवळ शांत: लेशाफ्टच. चौथ्या गिअरमध्ये ताकद सरळ आरपार जाते, लेगिअर नुसता मोकळा फिरतो, म्हणून तो त्या वेळी गप्प असतो. सगळ्या गिअरमध्ये सारखा आवाज असेल तर मुख्य बेअरिंग. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला तर कार्बनचं रिलीज बेअरिंग झिजलंय. सिग्नलला क्लच दाबून उभं राहण्याची सवय याला लवकर संपवते.

गिअर आपोआप सुटत असेल तर आधी इंजिनाचे आणि बॉक्सचे माउंट तपासा. ते ठीक निघाले तर डिटेंटची (गिअर जागेवर धरून ठेवणारी) स्प्रिंग, फोर्क किंवा हबचे गोल झालेले दाते. फक्त दुसऱ्या गिअरलाच, तेही घाईत बदलताना करकर होत असेल तर सिंक्रोची रिंग झिजली आहे. हा दोष असूनही गाडी वर्षानुवर्षं चालते. थोडा थांबून गिअर टाका, आणि एवढ्यासाठी इंजिन काढू नका.

तेलही बघा. चार सिंक्रोच्या बॉक्सला कंपनीने इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० तेल सांगितलं आहे: ओव्हरड्राइव्ह (बॉक्सच्या मागे जोडलेला, इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) नसेल तर सुमारे ३ लिटर, असेल तर ३.४ लिटर. कोणी ‘गिअरबॉक्स म्हणजे गिअर ऑइल’ म्हणून जीएल-५ घातलं असेल तर ते आधी काढा. त्यात सिंक्रो रिंग घसरतात, आणि त्यातली रसायनं पिवळ्या धातूला (पितळ, कांस्य) चांगली नाहीत. तेल काढताना ते कापडातून गाळा. करडी पेस्ट ही झिजेची, तिची चिंता नको. चमकणारे पापुद्रे दिसले तर लेशाफ्टचा कठीण केलेला थर सुटायला लागलाय, आणि तेव्हा गाडी चालवणं थांबवा. लेशाफ्टची किंमत कमी, पण तो सुटला तर सोबत लेगिअर आणि इतर गिअर घेऊन जातो.

ओव्हरड्राइव्हचा हिशेब वेगळा

‘ओव्हरड्राइव्ह मेला’ असं सांगितलेल्या गाड्यांत दोष बहुतेक वेळा विजेचा निघतो. इग्निशन ऑन, इंजिन बंद, लिव्हर चौथ्यात, आणि स्विच दाबा. बॉक्सजवळ टक् आवाज आला पाहिजे. नाही आला तर झाकणावरचा इनहिबिटर स्विच (ओव्हरड्राइव्ह ठरावीक गिअरमध्येच लागू देणारा), जोडण्या, आणि शेवटच्या वर्षांच्या गाड्यांत गिअर नॉबमधून खाली उतरणारी वायर तपासा. ती वायर लिव्हरमध्ये घासून तुटते. टक् आला पण गिअर लागला नाही तर तेलाची पातळी आणि फिल्टर. नव्या एलएच प्रकारात खालची झाकणपट्टी काढून जाळी गाडीखालूनच साफ होते.

उलट, ओव्हरड्राइव्ह सुटतच नसेल तर गाडी एक इंचही मागे घेऊ नका. लागलेल्या स्थितीत रिव्हर्स घेतला की आतला एकेरी क्लच फुटतो.

चार वाटा

आपलाच बॉक्स उघडून नवा करणं ही चार सिंक्रो आणि ओव्हरड्राइव्ह असलेल्या गाडीसाठी आमच्या मते सर्वांत शहाणी वाट. गिअर शाबूत असतील तर लेशाफ्ट, त्याची नीडल बेअरिंग, थ्रस्ट वॉशर, पुढचं-मागचं बेअरिंग, सिंक्रो रिंग, सील आणि गॅस्केट एवढ्यात काम होतं. हे सगळे भाग ब्रिटनमधल्या विक्रेत्यांकडे मिळतात. कस लागतो तो लेगिअरच्या एंड-फ्लोटला (पुढे-मागे सरकण्याची मोकळीक): ०.००२ ते ०.००३ इंच, म्हणजे ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर. मागचा थ्रस्ट वॉशर वेगवेगळ्या जाडीत मिळतो, फीलर गेजने मोजून योग्य तो निवडायचा. ‘हाताला बरा वाटला’ म्हणून झाकण लावणारा मिस्त्री नको. जुन्या रिंग टाकायच्या आधी नवी आणि जुनी रिंग गिअरच्या कोनवर दाबून फटी शेजारी शेजारी ताडून बघा. फरक नसेल आणि जुनी नीट पकडत असेल तर तीच ठेवा. आजच्या काही नव्या रिंगांपेक्षा मूळ रिंग बऱ्या असतात.

एक्सचेंजमध्ये तयार बॉक्स घेणं वेगवान, आणि गाडी कमी दिवस उभी राहते. पण त्या बदल्यात तुम्ही तुमचा ओळखीचा बॉक्स देता आणि आत काय घातलंय ते न पाहिलेला घेता. लेगिअर नवा की जुना, हब बदलले का, चालवून तपासला का, ओव्हरड्राइव्हचा दाब मोजला का, हे लेखी मागा. उत्तर ‘पूर्ण रिकंडिशन’ एवढंच आलं तर दुसरा विक्रेता शोधा. तुमच्या बॉक्सचं कवच तडकलेलं असेल किंवा गिअर फुटले असतील तर मात्र हाच मार्ग स्वस्त पडतो.

चार सिंक्रो आहे पण ओव्हरड्राइव्ह नाही, अशा मालकांनी ओव्हरड्राइव्हचा अख्खा बॉक्स घ्यावा. नुसतं युनिट मागे जोडता येत नाही, कारण मुख्य शाफ्टच वेगळा असतो. प्रॉपेलर शाफ्टची लांबी मोजून घ्या आणि स्पीडोमीटरचा जुळणारा ड्राइव्ह सोबतच मागा.

राहिला पाच गिअरचा बॉक्स. फोर्ड सिएरामधला टाइप ९ किंवा माझदा एमएक्स-५ चा बॉक्स बसवायला वेगळं बेलहाउसिंग किंवा ॲडॉप्टर, स्पिगॉट, वेगळ्या स्प्लाइनची क्लच प्लेट, नवा माउंट, प्रॉपेलर शाफ्ट आणि स्पीडोमीटरची केबल असा संच लागतो. खर्चात ही सगळ्यांत महाग वाट. मिळतं काय, ते आकड्यांत बघा. ३.९ च्या डिफरन्शिअलवर एमजीबी चौथ्या गिअरमध्ये १,००० आरपीएमला ताशी सुमारे २९ किलोमीटर वेग देते, म्हणजे ताशी १०० ला जवळपास ३,४५० आरपीएम. एलएच ओव्हरड्राइव्हचं गुणोत्तर ०.८२, त्यात हेच २,८३० च्या आसपास येतात. टाइप ९ चा पाचवाही ०.८२, आणि माझदाचा ०.८१४. ओव्हरड्राइव्ह चालू स्थितीत असेल तर मोटरवेवर पाच गिअर तुम्हाला नवीन काहीच देत नाहीत. शिवाय ओव्हरड्राइव्ह तिसऱ्यावरही लागतो (१९७७ पासूनच्या गाड्या सोडून). डोंगरी रस्त्यावर तो फार कामाचा असतो.

पहिला गिअरही बघा. मूळ चार सिंक्रोचा ३.४४. दोन लिटरच्या सिएराचा ३.६५, म्हणजे आणखी आखूड, आणि दुसरा १.९७ असल्याने मध्ये खिंड पडते. व्ही-६ चा टाइप ९ घेतला तर पहिला ३.३६, हा एमजीबीच्या बी-सिरीज इंजिनाला जास्त शोभतो. माझदाचा ३.१३६ लांब आहे, पण त्याचा गिअर पडण्याचा हलकेपणा या सर्वांत उजवा. टाइप ९ ला तेल काढायचा प्लगच नाही, आणि सिएरा १९९३ ला बंद झाली. म्हणजे ‘नवा’ म्हणून येणारा बॉक्सही बहुधा तीस वर्षांहून जुना, तोही आधी उघडून घ्यावा लागतो.

तरीही एका गाडीसाठी आम्ही पाच गिअरच सुचवू: तीन सिंक्रोचा बॉक्स, ओव्हरड्राइव्ह नाही, लेगिअर आणि पहिल्या गिअरचा हब फुटलेला, आणि मालकाला गाडी रोज लांब चालवायची आहे. त्या हबचे दाते तुटले की दुरुस्ती नव्या संचाच्या खर्चाकडे सरकते. मात्र मूळ बॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि मागची प्लेट तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवा. उद्याचा खरीददार ते मागेलच.

भारतातल्या गाड्यांबाबत एक गोष्ट. अँबेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन याच बी-सिरीज घराण्यातलं, त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या जुन्या मिस्त्रींचा हात या इंजिनावर बसलेला आहे. गाडीचे बोल्ट युएनएफ (इंची आट्यांचे), पाने इंची एएफ मापाचे. पाच गिअरचा संच घातला की बॉक्सकडचे बोल्ट मिलिमीटरमध्ये जातात, आणि एकाच गाडीत दोन पाने-पेट्या लागतात.

बाहेर काढल्यावर

कोणतीही वाट धरली तरी बॉक्स बाहेर असताना क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, कार्बन रिलीज बेअरिंग आणि स्पिगॉट बुश बदलाच. ऑक्टोबर १९६४ नंतरच्या पाच बेअरिंगच्या इंजिनाला मागे क्रँकचं रबरी सील आहे, तेही याच वेळी. रोलरचं रिलीज बेअरिंग विकलं जातं, पण चांगल्या दर्जाचा कार्बन असेल तर त्याची गरज नाही. स्लेव्ह सिलिंडर पाइप न उघडता बेलहाउसिंगवरून सोडून बाजूला बांधा, ब्लीडिंग वाचतं. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही फ्लँजवर खूण करा आणि तशीच परत जोडा, नाहीतर नव्या बॉक्ससोबत नवी थरथर मिळेल. बॉक्स जोडताना त्याचं वजन क्लच प्लेटवर लटकू देऊ नका, प्लेटचं मधलं हब वाकतं आणि पुन्हा रिव्हर्स करकरतो.

पहिल्या ८०० किलोमीटरनंतर तेल बदला, ओव्हरड्राइव्हची जाळी साफ करा, आणि तेव्हाही तेल कापडातून गाळूनच बघा.