जुनी श्विन टायफून: एप्रिल ते नोव्हेंबर चालवून काय वाटलं

शिकागोत राहून जुनी क्रूझर (रुंद टायरची, आरामात चालवायची सायकल) घ्यायची तर श्विन कंपनीचीच, बनायचीच इथे. एप्रिलमध्ये त्यांचं टायफून मॉडेल घेतलं, आता थंडीमुळे गॅरेजात उभी आहे.

विकणारा छातीठोकपणे फिफ्टीजची म्हणत होता, सगळेच म्हणतात. त्या काळातल्या श्विनचा सिरियल नंबर मागच्या चाकाच्या एक्सलजवळ, डाव्या बाजूला फ्रेमवर असतो (१९७० पासून तो पुढे हँडलखालच्या नळीवर गेला). तिथला रंग खरवडला तर सुरुवातीला डी-सी निघालं, १९६५ पासून पहिलं अक्षर महिना आणि दुसरं वर्ष, म्हणजे एप्रिल १९६७, आणि भाव तिथल्या तिथे उतरला. रंगावर जाऊ नका हो, रंग कोणीही मारतं. स्टँडची नळी फ्रेमलाच वेल्ड केलेली आहे का ते बघा, जुन्या श्विनची ती खूण. आणि ब्लॅक फँटम, म्हणजे श्विनचंच एक जुनं मॉडेल, दाखवली तर जास्तच सावध, १९९५ ला कंपनीच्या शंभरीला तिची नवी आवृत्ती काढली होती.

सगळ्यात डोकं खाल्लं टायरने. रिमवर एस-७ असा ठसा आहे, तिला लागतो २६ x १ ३/४, अपूर्णांकातला. दुकानदाराने २६ x १.७५ दिला, म्हणे एकच आहे. कसलं एकच! श्विनची रिम ५७१ मिमी व्यासाची, तो टायर ५५९ चा, दोन लिव्हर घालून अर्धा तास झटापट केली तरी कड चढेना. बरोबर टायर अजून नवा मिळतो, फक्त मागवताना ५७१ बघून मागवा. पेडलही अर्ध्या इंचाचं लागतं, नेहमीचं ९/१६ जात नाही, आणि क्रँक (पेडल जोडलेला दांडा) उघडणार असाल तर डाव्या बाजूचे आटे उलटे आहेत, जोर लावत बसाल.

चालवायला मस्त, पण जड, सतरा-अठरा किलो तरी असेल, उचलून जिना चढायचं नाव नको. तळ्याकाठच्या लेकफ्रंट ट्रेलवर सपाटीला एकदा वेग घेतला की पळते बघा. ब्रेक एकच, मागच्या चाकाच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात), पेडल उलटं मारायचं. कॅलिफोर्नियात मरीनच्या डोंगरात १९७६ पासून पोरं असल्याच जुन्या सायकली उतारावर सोडायची, हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली आल्यावर परत भरावं लागायचं, त्या शर्यतीचं नावच रीपॅक पडलं. तेव्हा घाटाच्या भागात राहत असाल तर ही घेऊच नका.