जुनं चिनी ट्रेनर विमान घेतलं: एजंटला अडीच स्टार, मेकॅनिकला पाच

विमान विकून देणाऱ्या एजंटने स्वतःच मेल टाकून रिव्ह्यू मागितलाय, तर घे बाबा. नाव घेत नाही.

मी मूळचा नाशिकचा. ओझरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात मिग फायटर बनायचे, डोक्यावरून एखादं गेलं की आमचे सर शिकवायचे थांबायचे, कारण काही ऐकूच यायचं नाही. तेव्हापासूनचं हे खूळ. अमेरिकेत आल्यावर पायलटचं लायसन्स काढलं आणि मित्राबरोबर निम्म्यानिम्म्यात लष्करी विमान घ्यायचं ठरलं. दुसऱ्या महायुद्धातलं मस्टँग फायटर आपल्याला सात जन्मांत परवडत नाही, म्हणून नांचांग सीजे-६, चिनी लष्कराचं ट्रेनर विमान. सगळे त्याला याक म्हणतात. आधीचं सीजे-५ खरंच रशियन याक-१८ वरून लायसन्सने बनवलेलं, पण सीजे-६ चिन्यांचं स्वतःचं डिझाइन, १९५८ ला पहिल्यांदा उडालं. २८५ हॉर्सपॉवरचं नऊ सिलिंडरचं रेडियल (सिलिंडर गोलाकार मांडलेलं) इंजिन, आवाज ऐकलात तर खिसा आपोआप ढिला होतो.

एजंटचे फोटो एक नंबर, फोन पहिल्या रिंगला उचलणार, गोड बोलणार. पण लॉगबुकचे, म्हणजे विमानाच्या उड्डाणांच्या आणि दुरुस्तीच्या नोंदवहीचे, स्कॅन मागितले की उद्या देतो, परवा देतो, असे तीन आठवडे घालवले आणि शेवटी आले ते चिनी भाषेतले, त्यानंतरच्या दोन वर्षांची पानं गायब. जाहिरातीत ‘फ्रेश अ‍ॅन्युअल’ लिहिलेलं, म्हणजे वार्षिक तपासणी नुकतीच झालेली. अहो ही विमानं ‘एक्सपेरिमेंटल एक्झिबिशन’ या सरकारी वर्गात येतात, त्यांचं अ‍ॅन्युअल नसतं, कंडिशन इन्स्पेक्शन असतं, एवढं तरी विकणाऱ्याला माहीत हवं ना! वर टोकन थेट त्याच्या खात्यात मागत होता. आम्ही ठाम राहिलो, पैसे एस्क्रोत, म्हणजे व्यवहार होईपर्यंत तिसऱ्याच्या ताब्यात, ठेवले आणि विमानावर कोणाचं कर्ज नाही ना ते ओक्लाहोमा सिटीच्या सरकारी विमान रजिस्ट्रीत तपासून घेतलं.

आता घेण्याआधी विमान तपासणारे मेकॅनिककाका. साठीचे, कमी बोलणारे, या विमानांवरच हात बसलेला. एजंटने सुचवलेला माणूस नको म्हणून आम्हीच शोधला. आल्या आल्या रंगाकडे बघितलंही नाही, प्रोपेलर हाताने फिरवला, कारण रेडियल उभं राहिलं की खालच्या सिलिंडरमध्ये तेल साचतं आणि तसंच स्टार्ट केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग हवेचं प्रेशर बघितलं. या विमानात चाकं आत-बाहेर करणं, पंखांचे फ्लॅप, ब्रेक, इंजिनचा स्टार्ट सगळं काँप्रेस्ड एअरवर. संध्याकाळी काटा ४५ वर, किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, सकाळी १० च्या खाली, म्हणजे हवा कुठेतरी गळतेय. साबणाचं पाणी लावत लावत मागच्या सीटपाशी एका जॉइंटला बुडबुडे सापडले. रडरचं, म्हणजे शेपटीच्या सुकाणूचं, कापड बोटाने दाबलं, खालच्या टोकाला टरकन फाटलं. एजंट म्हणे जुन्या विमानाला एवढं चालतंच, काका काही न बोलता फोटो काढत राहिले.

काकांच्या रिपोर्टवर विमानाच्या किमतीत ९ हजार डॉलर कमी झाले, त्यांची फी १४०० डॉलर. इन्शुरन्सवाल्यांनी इन्स्ट्रक्टरबरोबर १० तास उड्डाण मागितलं, तेही झालं.

एजंटला अर्धा स्टार फोटोंचा, दोन फोन उचलण्याचे. गायब दोन वर्षांची पानं अजून आलेली नाहीत, पाठवलीस तर स्टार वाढवेन.