नौपाड्यातली अभ्यासिका: दहावीच्या पालकांनी बघून यावी अशी

गोखले रोडच्या आतल्या गल्लीत आहे, ठाणे स्टेशनहून चालत जाता येतं. खुर्च्या बऱ्या, पंखे व्यवस्थित. पण मी लिहितेय ते इथल्या वहीबद्दल.

आत गेल्यावर आधी वहीत लिहायचं, आज नेमकं काय करणार. नुसतं ‘विज्ञान’ लिहिलं तर ताई वही परत देतात. ‘अपवर्तनांकाची उदाहरणं, पुस्तक न उघडता’ असं हवं. मध्ये थांबून ठरवल्याप्रमाणे चाललंय का ते बघायचं, निघताना कुठे अडलं आणि उद्या काय बदलणार तेही लिहायचं. सराव चाचणीआधी गुणांचा अंदाजसुद्धा! लेकीने भूमितीत 20 पैकी 17 लिहिले, पडले 11. प्रमेय वाचताना कळत होतं, सिद्धता मात्र स्वतः मांडता येत नव्हती, हे तिचं तिलाच उमगलं. आता ती आधी कोऱ्या कागदावर सिद्धता लिहून बघते, मग पुस्तक उघडते.

यामागे शास्त्र आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणारे पुढे निघाले.

एकच खटकतं. महिनाअखेरीस वही पालकांना दाखवतात. मग मुलं आईबाबांना आवडेल तेच लिहितात. वही मुलांकडेच राहू द्या, असं मी ताईंना सांगितलंय. संध्याकाळी जागा पटकन भरते, तेव्हा नाव जूनमध्येच घाला, प्रिलिमची वाट बघू नका.