अटॅकनंतरची स्टॅटिन: गोळी खणखणीत, पाठपुरावा ढिला

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, लिहिलेली असते: अटॉर्व्हास्टॅटिन ८० किंवा रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम. औषध म्हणून तिला पैकीच्या पैकी गुण. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) साधारण निम्म्यावर येतं, धमनीतला चरबीचा थर फुटण्याचा धोका घटतो. म्हणूनच कोलेस्टेरॉल मुळात 'नॉर्मल' असलं तरी ती द्यायची, आणि घरी सोडण्याआधीच सुरू करायची. इथपर्यंत बहुतेक डॉक्टर चोख असतात.

घोळ होतो तो पुढे. दोन महिन्यांनी रिपोर्ट येतो: एलडीएल ६८. लॅबने छापलेली मर्यादा १००, त्यामुळे आकड्याशेजारी खूण नाही. 'छान आलंय' म्हणून ८० ची गोळी १० वर आणली जाते. अहो, ती मर्यादा अटॅक न आलेल्यांची! युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा पेशंटचं एलडीएल ५५ च्या खाली हवं, शिवाय मूळ आकड्यापेक्षा निम्म्याने तरी उतरलेलं हवं. आणि ६८ वर आलंय तेही गोळीमुळेच. डोस उतरवला की आकडा चढणार.

इथे डोस वाढवूनही फार हाती लागत नाही. ४० ची ८० केली तर जेमतेम ६ टक्के फरक पडतो. त्याऐवजी स्टॅटिनला एझेटिमाइब (कोलेस्टेरॉल उतरवणारी दुसरी गोळी) १० मिलिग्रॅम जोडली की सुमारे २० टक्के. २०१५ च्या इम्प्रूव्ह-इट चाचणीत १८ हजारांवर पेशंटमध्ये या जोडीचा फायदा दिसला, तरी ही साधी गोळी लिहायला इतका उशीर का होतो, कळत नाही. तेवढ्यानेही भागलं नाही तर इव्होलोक्युमॅबचं १४० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, दर दोन आठवड्यांनी.

अंग दुखतं म्हणून पेशंट परस्पर गोळी सोडतात, ते सगळ्यात घातक. दोन्ही मांड्या, खांदे दुखत असतील तर सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि थायरॉइड तपासावं, क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू आहे का विचारावं. सीके मर्यादेच्या दहापटीवर गेलं किंवा लघवी गडद झाली तर गोळी लगेच थांबवायची. एरवी थोडी विश्रांती देऊन कमी डोसने किंवा दुसऱ्या स्टॅटिनने पुन्हा सुरुवात करता येते.

अटॉर्व्हास्टॅटिन रात्रीच घ्यावी असं बंधन नाही. चुकणार नाही ती वेळ धरावी. कार्डावर मात्र ४ ते ६ आठवड्यांनंतरच्या लिपिड प्रोफाइलची (कोलेस्टेरॉलच्या रक्ततपासणीची) तारीख आणि 'एलडीएल ५५ च्या खाली' या दोन गोष्टी नसतील, तर घरी निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.