इपॉक्सी ग्राउट, एक वर्ष वापरल्यावर: पाचपैकी चार तारे

डोंबिवलीत आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. रोजच्या सातशे-आठशे पोळ्या, शिवाय गणपतीत उकडीचे मोदक. स्वयंपाकघर सोळा बाय अठराचं. गेल्या मे महिन्यात दहा दिवस शटर ओढून जमीन आणि भिंती नव्याने केल्या. टाइल्सपेक्षा त्यांच्या सांध्यांत भरलेल्या मालाबद्दलच, म्हणजे ग्राउटबद्दलच लिहितेय, कारण टाइल्स काय, सगळ्यांच्या सारख्याच.

आधी कोटा होता, बारा वर्षांचा. कोटा म्हणजे चुनखडीचाच दगड. चिंचेचा कोळ, ताक, अमसुलाचं पाणी त्याला रोज थोडं थोडं खातं. मोरीजवळची फरशी खरखरीत झाली होती आणि सांध्यातलं सिमेंट तर गायबच. परवान्याच्या तपासणीला आलेल्या बाईंनी त्या फटीत पेनाचं टोपण खुपसलं आणि वर लागलेली काळी पिठाची पेस्ट मला दाखवली. काय बोलणार? मोदकांच्या वाफेने वरच्या भिंतीचा ऑइलपेंट सोलला होता, तोही त्यांनी पाहिला. अन्न परवान्याच्या (FSSAI) २०११च्या नियमावलीत, अनुसूची ४मध्ये, अपेक्षा साधी आहे: जमीन, भिंत, छत धड असावं, गुळगुळीत आणि धुवायला सोपं असावं, रंगाचे-गिलाव्याचे पोपडे नसावेत. गुळगुळीत म्हणजे घसरडं नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. म्हणून जमिनीला मॅट टाइल्स घेतल्या, एक बाय एक फुटाच्या.

आधी मन सलग इपॉक्सी कोटिंगवर गेलं होतं. आमच्या भावोजींच्या खानावळीत केलंय, सांधाच नाही, आरशासारखं. पण तिथे रोज भाताची उकळती पेज जमिनीवरून मोरीत जाते. चार महिन्यांत फुगे आले, मग पापुद्रे. उष्णतेने ते मऊ पडतं आणि खालच्या काँक्रीटपासून सुटतं. गरम पाणी सोसणारं पीयू (पॉलियुरेथेन) काँक्रीट असतं, सहा ते नऊ मिलिमीटर जाड, पण त्याचा भाव ऐकून मी चहा मागवला आणि विषय बदलला.

तर ग्राउट. डब्यात तीन गोष्टी येतात: चिकट रेझिन, ते घट्ट करणारं हार्डनर आणि पावडर. आमच्या जमिनीला, तीन मिलिमीटरच्या सांध्यांना, जवळजवळ सात किलो लागलं. एकदा कालवलं की पाऊण तास हातात असतो, मे महिन्यात तोही नाही. आमच्या मिस्त्रींनी सिमेंटच्या सवयीने अख्खा पाच किलोचा डबा एकदम कालवला. निम्म्याचा घमेल्यातच दगड झाला, आणि उरलेलं भरण्याच्या घाईत टाइल्स पुसायच्या राहिल्या. मॅट टाइलवर तो थर सुकला की निघत नाही. कणीक मळायच्या मशीनमागच्या सहा टाइल्स आजही ढगाळ आहेत. म्हणून सांगते, थोडं थोडं कालवायला लावा, सकाळच्या गारव्यात काम घ्या, आणि ओला स्पंज घेऊन एक माणूस मागेच बसवा.

पण एकदा नीट बसलं की बसलं. तेल मुरत नाही, ताक चरत नाही. रात्री साबणाचं गरम पाणी आणि ब्रश, बस्स. वर्षभरात एकही सांधा उकरला गेलेला नाही आणि झुरळांचा तो रस्ता बंद झाला.

रंगात मात्र फसलो. जमिनीला मी राखाडी घेतला. शेगडीमागच्या भिंतीला मुलाने पांढरा निवडला, शोरूममध्ये छान दिसला म्हणे. फोडणीच्या हळदीने तो सहा महिन्यांत पिवळा. हळदीचा डाग उन्हाने उडतो, पण शेगडीमागे ऊन कुठून आणू? एक तारा त्या पिवळेपणाचा आणि ढगाळ टाइल्सचा मिळून कापला.

जमीन आणि भिंत जिथे भेटतात तो काटकोन ठेवू नका. तिथे वाटा मारून घ्या, म्हणजे कोपरा भरून गोलाई द्या. मिस्त्री म्हणाले, "ताई, वाटा गच्चीवर मारतात." मी म्हटलं, आमची गच्ची इथेच आहे असं समजा. पूर्वी त्या कोपऱ्यात पीठ आणि पाणी मिळून खळ व्हायची, आता ब्रश एका फटक्यात फिरतो.

उताराचा राग ग्राउटवर काढत नाही, तो मिस्त्रींचा. शंभराला एक सांगितला होता, म्हणजे सोळा फुटांत जवळजवळ दोन इंच. शेवटचे पैसे देऊन झाल्यावर मी बादली ओतून पाहिली. पाणी जाळीकडे निघालं, अर्ध्या वाटेत थांबलं आणि वळून ग्राइंडरखाली जाऊन बसलं. आमच्या मावशी रोज रात्री तिथून वायपरने ते ओढून आणतात आणि ओढताना माझ्याकडे बघतात. तुम्ही बादली पैसे देण्याआधी ओता.