रोपांचा ट्रे झकास, झाकण मात्र घातकी (३ स्टार)

दोन महिने वापरून मग लिहितेय, कारण पार्सल उघडल्या उघडल्या पाच स्टार देणाऱ्यांचं वाचूनच मी हा किट घेतला आणि झाकणाबद्दल एकानेही चकार शब्द काढलेला नव्हता.

किटमध्ये १२ खणांचा ट्रे, त्याच्याखाली पाण्याचा ट्रे, पारदर्शक झाकण आणि कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) चपट्या गोळ्या. कोमट पाणी ओतलं की पाचेक मिनिटांत गोळ्या टम्म फुगतात, पोरं तर बघतच बसली. मी सहा खणांत टोमॅटो आणि सहांत मिरची टाकली, ही चूक माझी, किटची नाही. टोमॅटो सहाव्या दिवशी वर, मिरची पंधराव्या दिवशी, म्हणजे टोमॅटोला मोकळी हवा हवी तेव्हा मिरचीला अजून ऊब हवी, आणि झाकण एकच!

बरं, सोबतच्या कागदावर लिहिलंय की चार पानं येईपर्यंत झाकण काढू नका. मी कशाला काढतेय. आठवड्याभरात आतून नुसतं पाणी गळतंय, कोकोपीटवर पांढरी बुरशी, आणि एक दिवस सकाळी बघते तर टोमॅटोची तीन रोपं आडवी झालेली, वर पानं हिरवीगार आणि बुडाशी देठ दोऱ्याएवढा बारीक होऊन कुजलेला. याला मर म्हणतात, सतत ओल आणि कोंदट हवा असली की बुरशी कोवळ्या रोपांना धरतेच, एकदा आडवं झालेलं रोप परत उभं राहत नाही. कोंब दिसला की झाकण काढायचं, पाणी वरून न घालता खालच्या ट्रेत घालायचं आणि अर्ध्या तासाने उरलेलं ओतून द्यायचं. एवढं केलं आणि बाकीची नऊ वाचली.

गोळीभोवतीची जाळी मातीत आपोआप विरते असं पाकिटावर छापलंय. कुंडीत लावून महिना झाला, एक रोप उकरून पाहिलं, जाळी जशीच्या तशी आणि मुळं आत गुंडाळलेली. सरळ कात्रीने कापून काढा. कोकोपीटमध्ये खताचा अंश जवळपास नसतो, पहिली दोन पानं बियांतल्या शिदोरीवर निघतात, त्यानंतरची खरी पानं आली की अगदी पातळ खत द्यावं लागतं, हे मात्र कागदावर कुठेच नाही.

ट्रे पातळ आहे, भिजलेला असताना एका हाताने उचलू नका, मधून वाकतो (माझे दोन खण असेच उपडे झाले). पण बिया उगवल्या सगळ्या, तेव्हा तीन स्टार त्याचे.

आता दुसऱ्या खेपेला नुसती मिरचीच लावलीय, आणि झाकणाला गरम सुईने आठ भोकं पाडलीत.