कोथरूडचा रिक्वायरमेंट वर्ग: गीझरपुढे न गेलेल्यांसाठी

रिक्वायरमेंट, म्हणजे एखाद्या यंत्रणेनं नेमकं काय करायला हवं याची वाक्यं, लिहायला शिकवणारा हा वर्ग. घाईत असाल तर आधीच सांगते. टेस्टिंग, डिझाइन किंवा बिझनेस अ‍ॅनालिसिसमध्ये असाल तर या वर्गाची फी वसूल होते. नुसतं प्रमाणपत्र हवं असेल तर तिकडे फिरकू नका, कारण सर लिखाण खरोखर तपासतात आणि लाल रेघा मारून परत देतात.

वर्ग डहाणूकर कॉलनीच्या बाजूला, शनिवार-रविवारी भरतो. बाहेर पाटी नाही, जाहिरात नाही, सगळा कारभार तोंडी चालतो. शिकवणारे सर निवृत्त इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर. बॉयलरच्या पॅनलसमोर आयुष्य गेलेला माणूस, त्यामुळे पॉवरपॉइंट भिकार आणि फळा सुंदर. मी हिंजवडीत टेस्टिंग करते आणि ‘यूजरला सुखद अनुभव मिळावा’ असली वाक्यं वाचून वैतागलेली असते. म्हणून गेले.

संपूर्ण वर्गाला एकच प्रश्न दिलेला असतो: एका थंड देशातल्या घराच्या खोल्या गरम ठेवणारी यंत्रणा. तेलावर चालणारा बॉयलर, प्रत्येक खोलीत गरम पाणी फिरवणारा रेडिएटर, तापमानाचे सेन्सर, खोलीत माणूस आहे की नाही ते ओळखणारा सेन्सर आणि हे सगळं चालवणारा कंट्रोलर. त्याच्या यूज केस, म्हणजे वापरणारा काय करतो आणि यंत्रणा त्यावर काय करते याचे प्रसंग, लिहायच्या, मग रिक्वायरमेंट. भोसरीहून आलेले एक गृहस्थ लगेच म्हणाले, “सर, आपल्याकडे गीझरच्या पुढे कोणी जात नाही हो.” सर म्हणाले, “म्हणूनच दिलंय. गीझर दिला असता तर तुम्ही काही विचारलंच नसतं, सरळ लिहायला बसला असता.”

या वर्गाची खरी ताकद हीच आहे. पहिल्या सकाळी एकही रिक्वायरमेंट लिहू देत नाहीत, फक्त प्रश्न विचारायचे. रेडिएटरमधलं पाणी नळाला येतं का? (नाही, ते बंद नळ्यांतून फिरत राहतं.) रात्री सगळे झोपल्यावर खोली किती गार चालेल? घरचे पंधरा दिवस गावाला गेले तर? या शेवटच्या प्रश्नावर आम्ही सगळ्यांनी एकमुखानं ‘बंद करून जातील’ असं उत्तर दिलं. सरांनी फळ्यावर नळी काढली. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि नळी फुटते. म्हणून घर रिकामं असलं तरी तापमान ५ अंश सेल्सियसच्या आसपास उतरलं की यंत्रणेनं आपणहून सुरू व्हायला हवं. पुण्याचा नीचांक १९३५ च्या जानेवारीतला १.७ अंश. गोठून फुटलेली नळी इथे कोणी पाहिलेली नाही, त्यामुळे ही यूज केस आमच्यापैकी एकालाही आपसूक सुचली नाही. क्लायंट ती सांगत नाही, कारण त्याला ती सांगण्यासारखी वाटत नाही. माझ्या ऑफिसातले निम्मे बग याच जातीचे असतात.

यूज केसची कल्पना मांडली इव्हार याकोबसन यांनी, १९८६ च्या सुमारास, एरिक्सनमध्ये टेलिफोन यंत्रणांवर काम करताना. स्वीडनचा माणूस, त्याच्या घरी हीटिंग असणारच. सर यावर दोन मिनिटांहून जास्त बोलत नाहीत. त्याऐवजी ‘अ‍ॅक्टर कोण’, म्हणजे बाहेरून यंत्रणेशी व्यवहार करणारा कोण, यावर भांडायला लावतात. घरमालक अ‍ॅक्टर, हे सोपं. पण पहाटे ठरल्या वेळी बॉयलर चालू करणारं घड्याळ? आणि बॉयलर आपल्या यंत्रणेच्या आत की बाहेर? आमच्या गटातल्या आर्किटेक्ट बाईंनी बॉयलर आत घेतला आणि तेलाच्या टाकीपासून धुराड्यापर्यंत सगळं त्यांच्या गळ्यात पडलं. आम्ही फक्त कंट्रोलर आत ठेवला, तेव्हा कागद निम्मे झाले.

आता या कामातला सर्वांत रसाळ भाग. खोली २० अंशांवर ठेवायची असेल तर बॉयलर नेमका २० ला चालू आणि २० लाच बंद करून चालत नाही, तो सारखा चालू-बंद होत राहील. म्हणून मध्ये फट ठेवतात, समजा १९ ला चालू, २१ ला बंद. शिवाय सरांच्या प्रश्नपत्रिकेत अट होती की बॉयलर बंद झाल्यावर ५ मिनिटं पुन्हा पेटवायचा नाही. दोन्ही वाक्यं वेगवेगळी वाचली तर निर्दोष. पण तिसऱ्या मिनिटाला आजोबांनी कुडकुडत बटण फिरवलं तर? पडद्यावर काय दिसेल? काहीच दिसलं नाही तर आजोबा पुन्हा फिरवणार, मग परत, मग मुलाला फोन. यूज केसमधला मुख्य प्रवाह, सगळं सुरळीत झालं तरचा, चार ओळींत संपतो, पण ‘नाहीतर’वाले प्रवाह दोन पानं खातात. सरांनी एवढ्या एका प्रसंगावर जवळजवळ पूर्ण दुपार दिली आणि मला ती कमीच वाटली.

प्रश्नपत्रिकेत तापमान फॅरनहाइटमध्ये होतं: खोली रिकामी असेल तर हव्या त्या तापमानापेक्षा ५ अंश कमी ठेवा. एका हुशार मुलानं सूत्र लावून ५ चे उणे १५ सेल्सियस केले आणि आत्मविश्वासानं लिहून टाकलं. गणित बरोबर, पण इथे तापमान नाही, तापमानातला फरक बदलायचा होता, म्हणजे सुमारे २.८ अंश. वर्ग हसला, सर हसले नाहीत. “असा कोड मंजूर होतो,” एवढंच म्हणाले.

वाक्यं कशी बांधायची, त्यासाठी ते ‘इअर्स’ (EARS) ही रिक्वायरमेंट ठरावीक साच्यांत लिहिण्याची पद्धत शिकवतात. रोल्स-रॉइसमध्ये विमानाच्या इंजिनांच्या नियंत्रणासाठी ती तयार झाली आणि २००९ मध्ये मांडली गेली. साचे मोजकेच: अमुक घडताच, अमुक स्थिती असेपर्यंत, अमुक बिघाड झाला तर. ‘घर लवकर गरम व्हावे’ असं लिहिणाऱ्याला विचारतात, बाहेर किती अंश असताना, कुठली खोली, किती मिनिटांत? मराठीत बोलून विचार करायचा आणि इंग्रजीत लिहायचं, ही सवय मला इथे लागली आणि ती टिकली आहे.

आता तक्रारी. यूज केसच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर शिकवण्यात एक अख्खी सकाळ जाते. काडीची माणसं आणि लंबगोल काढायला कागद पुरतो. नोट्स झेरॉक्सच्या झेरॉक्स आहेत. वर पत्र्याची शेड, त्यामुळे एप्रिल-मेची बॅच घेऊ नका. चहा मात्र चांगला.

मोठी तक्रार वेगळी आहे. सुरक्षिततेचा भाग शेवटच्या तासात, लोक दप्तर भरत असताना येतो. तेलाचा प्रवाह बिघडला तर ५ सेकंदांत बॉयलर बंद, ही अट घाईघाईनं वाचून झाली. धुराडं तुंबलं तर कार्बन मोनॉक्साइड घरात साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. हा भाग पुणेकरांना कोणी समजावायची गरज नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरच्या बातम्या आपण दर थंडीत वाचतो. सगळ्या वर्गाला घरच्या अनुभवानं कळला असता असा हा एकच विषय, आणि त्यालाच वेळ नाही. ‘धूर बाहेर जात नसेल तर बर्नर पेटू नये’ ही रिक्वायरमेंट कशी तपासायची, त्यासाठी कुठला सेन्सर लागेल, तो सेन्सरच बिघडला तर काय, हे मला तिथे बसून लिहायचं होतं. मी तसं सरांना सांगितलं. ते म्हणाले, चार जणांनी आधी मागितलं तर त्यासाठी वेगळी रविवार सकाळ काढतो, फी लागणार नाही. म्हणजे नाव नोंदवतानाच मागा. आणि लॅपटॉप नेऊ नका, फुलस्केप वही न्या.